जागा दिलीत, आता वाचायलाही द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मी मुंबईत दिव्यांगत्व आणि समावेशन या विषयात एम.ए. करते. मला दिसत नाही. लॅपटॉपवरचा स्क्रीन रीडर वाचतो, मी ऐकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३२ ने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत आमच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. त्या जागेमुळेच मी इथवर आले.

कुर्ल्याहून दिव्यांगांच्या डब्यात बसले की मी हेडफोन लावते आणि दादरपर्यंत दोन-तीन पानं उरकते. इंग्रजी असेल तर. मराठी आलं की घोडं अडतं. गेल्या महिन्यात आमच्याच विषयावरचा एक मराठी लेख उघडला, तर कानात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं अशा पद्धतीत, नव्हताच; जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. डोळ्यांना तिथे सुबक देवनागरी दिसते, संगणकाच्या लेखी मात्र ती 'ए', 'बी', 'सी'च असते. दुसरा लेख म्हणजे पानांचे फोटो; त्यावर स्क्रीन रीडर गप्पच. शेवटी पोळ्या झाल्यावर रात्री आईने वाचून दाखवला. 'बौद्धिक अक्षमता'पाशी ती तीनदा अडखळली. एक परिच्छेद तिने थकून गाळला, हे मला दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा सुरू झाली तेव्हा कळलं. तिला काय बोलणार?

विभागात मला वाचता येईल अशी प्रत मागितली तर म्हणाले, कॉपीराइटचा प्रश्न येईल. तो येत नाही, महोदय. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी वाचता येतील अशा प्रती काढायची मुभा दिली आहे. खरी गोम दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्याच कलम १७ मध्ये आहे: पुस्तकं आणि अभ्याससाहित्य मोफत द्यायचं, पण वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच. एम.ए.ला येईपर्यंत ते वय कधीच मागे पडलेलं असतं.

राज्यातल्या विद्यापीठांना एक आदेश काढा: पदव्युत्तर वर्गाला लावलेला प्रत्येक मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणि सत्र सुरू होण्याआधी मिळाला पाहिजे. जुने फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, नंतर चुका तपासायला एक माणूस लागतो, इतकंच. सुरुवात आमच्या विषयापासून करा. दिव्यांगत्वाचा अभ्यासच दिव्यांगांना वाचता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

आमचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होतं. आदेश त्याआधी निघावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, कुर्ला