ताडपत्रीच्या त्या खोळी परत आणून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात कराड-चिपळूण रस्त्यावर निलगिरी आडवी झाली, तिचा फोटो आपल्या पेपरात आला होता. फोटोत एक पोरगा ओंडक्यावर पाय ठेवून कटर, म्हणजे झाड कापायचे चेनचे मशीन, चालवतोय. अंगात बर्म्युडा, पायात स्लीपर. खाली ओळ होती, 'तरुणांच्या तत्परतेने रस्ता मोकळा'. तत्परता खरीच. पण माझी नजर त्या पोराच्या डाव्या मांडीवरून हलेना. चेन आणि मांडी यांच्यात वीतभरही अंतर नव्हते. बायको म्हणाली, "एवढं काय बघताय त्यात?" तिला काही सांगितले नाही. ते इथे लिहितो.

मी शिंपी. मल्हारपेठेत छत्तीस वर्षे मशीन मारतोय. शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे कोट, ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरे, पावसाळ्याच्या तोंडाला गोधड्या. झाडे तोडण्यातले शिंप्याला काय कळते, असे कोणी म्हणेल तर बरोबरच म्हणेल. पण या पत्रातली गोष्ट कापडाची आहे आणि चूकही माझीच आहे.

चार वर्षांपूर्वी माझा भाचा दुकानात आला. तो लाकूडतोडीच्या टोळीत कटर चालवतो. बांधावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ, सिल्व्हर ओक, घरावर आलेला फणस, असली कामे. म्हणाला, "मामा, पायाला काय तरी जाड शिवून द्या की. मशीन कधी निसटंल सांगता येत न्हाई." मी ट्रकची हिरवी ताडपत्री घेतली, कॅनव्हासची, जुनी जड जातीची. आत जुन्या जीनचे दोन थर. थर हलू नयेत म्हणून बोटाबोटाच्या अंतरावर पिवळ्या दोऱ्याने चौकड्याची शिलाई मारली, गोधडीला मारतो तशी. दोन सुया मोडल्या. तयार झालेली खोळ जमिनीवर उभी केली तर उभी राहायची. साडेचारशे रुपये नग. टोळीतल्या सात जणांना सात शिवून दिल्या आणि आठवडाभर छाती फुगवून हिंडलो.

गेल्या वर्षी श्रावणात भाचा एका मळ्यात जांभळाची फांदी कापत होता. ताणात असलेली फांदी अर्ध्यातच कडाडून सुटली, रेस दाबलेलीच होती, आणि मशीन त्याच जोराने खाली येऊन डाव्या मांडीवर बसले. उजव्या हाताच्या माणसाचा डावा पाय पुढे असतो, म्हणून बहुतेक वेळा घाव डाव्या मांडीवर नाहीतर गुडघ्याच्या वर बसतो, हे मला नंतर समजले. कराडला नेले. तेवीस टाके, बिल बासष्ट हजार, दोन महिने खाटेवर. हाड वाचले.

खोळ माझ्याकडे आली ती रक्ताने कडक झालेली. धुवायच्या आधी मी ती कापणीच्या टेबलावर पसरली. ताडपत्री, जीन, पुन्हा जीन, सगळे एका रेषेत कापलेले. माझ्या मोठ्या कात्रीला इतके थर एका वेळी जमत नाहीत. पिवळे टाके मात्र जागच्या जागी होते. एकही उसवला नव्हता. शिंप्याला एरवी ही अभिमानाची गोष्ट.

त्यानंतर दिवाळीत भाच्याचा एक जोडीदार गावी आला. तो पुण्याकडे बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारातली झाडे छाटायच्या कामावर आहे. त्याच्याकडे कंपनीची पायखोळ होती. कमरेला पट्टा, दोन्ही पायांच्या पुढून पडदे, पोटरीमागे बकल. एका मांडीवर चेनने फाडलेली. म्हणाला, "टाकं घालून द्या." मी ब्लेडने कडेची शिवण उसवली आणि आत बघून आधी हसलो. वरचे कापड बऱ्यापैकी, पण आत पांढऱ्या गुळगुळीत धाग्याचे सहा सैल थर. घट्ट वीण नाही, मधे एक टाका नाही. फक्त कडेला धरलेले, एकमेकांवर सरकणारे. सुईच्या टोकाने एक धागा ओढला तर हातभर निघून आला. मला वाटले, बनवणाऱ्याने कामचुकारपणा केलाय. एवढे पैसे घेऊन असली पोकळ शिलाई!

सहा थर हातात घेऊन बसलो असताना माझ्या मशीनवर पोराने काहीतरी शिवायला घेतले आणि खट्ट करून मशीन अडकले. शटलमध्ये दोरा गुंतला होता. ज्याने आयुष्यात एकदा तरी शिलाई मशीन चालवले आहे त्याला हे माहीत असते. लोखंडी मशीन, कातडे शिवणारी सुई, पण बॉबिनच्या केसात चार बोटे सैल दोरा गेला की चाक जागचे हलत नाही. जोर करून उपयोग नाही, झाकण उघडून चिमट्याने दोरा काढावा लागतो. मी त्या पांढऱ्या धाग्यांकडे पाहिले आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

ती खोळ चेनला अडवायला केलेलीच नाही. चेनचे दात बाहेरचे कापड फाडतात, आतले लांब धागे दातांना गुंडाळून ओढले जातात, स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, गुंता होतो आणि चेन थांबते. म्हणून धागा लांब, म्हणून थर सैल, म्हणून मधे शिलाई नाही. मी माझ्या सात खोळींत नेमके उलटे केले होते. जाड केले, घट्ट केले, आणि बोटाबोटावर टाके मारून एकेक धागा जागच्या जागी बांधून टाकला.

मनाची खात्री व्हावी म्हणून पुण्याच्या त्या पोराकडून फाटकी खोळ मागून घेतली. फाटलेली आता वापरायची नव्हतीच. भाच्याच्या टोळीच्या मुकादमाने वखारीमागे एका ओंडक्यावर आधी माझी ताडपत्री खिळ्यांनी ठोकली आणि पूर्ण रेसवर मशीन टेकवले. काकडी कापावी तशी ती चिरली आणि खालचे लाकूड दिसले. मग कंपनीच्या खोळीचा धड पाय नुसता दोरीने बांधला. मशीन टेकले, आवाज घोगरा झाला, आणि चेन ठप्प. वरचे तीन थर फाटले होते, खालचे तीन शाबूत. मुकादमाने इंजिन बंद करून स्प्रॉकेटचे झाकण काढले तर आत सावरीच्या कापसासारखा पांढरा पुंजका. तो स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढायला अर्धा तास गेला. (हा प्रयोग कृपया कोणी घरी करू नये. आम्हीही करायला नको होता, मशीन हातात उसळले असते तर दुसरे पत्र लिहायला लागले असते.)

नंतर भाच्यासाठी नवी घ्यायची म्हणून मी स्वतः दुकाने फिरलो, आणि इथे आपल्या भाषेने एक घोळ घालून ठेवलाय. आपण गवत कापायच्या मशीनला कटर म्हणतो आणि झाड कापायच्या मशीनलाही कटरच. दुकानात "कटरवाल्याला पायाला काहीतरी द्या" म्हटले की गवतवाल्याच्या नडग्यांना बांधायच्या कडक प्लास्टिकच्या पट्ट्या पुढे येतात. त्या उडणाऱ्या खड्यांसाठी असतात. झाड कापायच्या चेनपुढे त्यांचा काही निभाव लागत नाही. एका दुकानदाराने तर "ही बुलेटप्रूफ कापडाची आहे" म्हणून साधी जाड पँट दाखवली. गोळी अडवणे वेगळे आणि चेन थांबवणे वेगळे, हे त्याला सांगत बसलो नाही. आत काय आहे ते चाचपून पाहिले. एकच घट्ट कापड होते.

खरी ओळखायची तर शिक्का बघा. कटरचे छोटे चित्र आणि वर्ग छापलेला असतो, सोबत आयएसओ 11393 असा आकडा. जुन्या मालावर ईएन 381 असतो, तोही याच कामाचा. वर्ग 1 म्हणजे चाचणीत सेकंदाला 20 मीटर पळणारी चेन थांबवली, वर्ग 2 म्हणजे 24 मीटर, वर्ग 3 म्हणजे 28. सेकंदाला 20 मीटर म्हणजे ताशी 72 किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीचा वेग धरा. मोठे मशीन पूर्ण रेसवर याच्याही वर जाते. त्यामुळे शिक्क्याची खोळ घातली म्हणजे पायाला काही होणारच नाही, असे कोणी समजू नये. आणखी एक, विजेच्या मोटरवरच्या मशीनला हा गुंता तितका लागू पडत नाही. पेट्रोलचे इंजिन धाग्याने दबते, मोटर तशीच जोर करत राहते. आता बॅटरीची मशिने गावात यायला लागली आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले.

शिक्क्याजवळ ए, बी किंवा सी असे अक्षरही असते. ए आणि बी म्हणजे पुढून संरक्षण, सी म्हणजे पायाच्या सगळ्या बाजूंनी. रोज जमिनीवर उभा राहून कापणाऱ्याला पुढून असलेली चालते. पण क्वचित मशीन हातात घेणाऱ्याचा पाय कुठे आणि चेन जिच्यावर फिरते ती मशीनची पट्टी कुठे याचा भरवसा नसतो, त्याने सी बघावी. भाच्याने मागून उघडी असलेली घेतली, साडेचार हजारांना. आपल्याकडच्या उकाड्यात सगळीकडून बंद पँट घालून तासभर काम करणे अवघड, आणि घामाने जीव नकोसा झाला की माणूस ती काढून फांदीला टांगतो. टांगलेली खोळ कोणाचा पाय वाचवणार?

उघडीत खोड एकच. ती ढिली बांधली की वळते आणि पडदा भलत्याच बाजूला जातो. म्हणून पायातली सगळी बकले लावायची, एक कमरेचे लावून "झालं" म्हणायचे नाही. लांबी बुटाच्या वर टेकेल इतकी हवी. इथेच माझे गिऱ्हाईक येते, "खालून दोन इंच दुमडून टीप मारा". मी आता मारत नाही. त्या टिपेखाली जेवढे धागे सापडतील तेवढे कायमचे बांधले जातात. फाटलेल्याला टाके घालणे, गुडघ्यावर ठिगळ मारणे, यालाही माझा नकार. धागे ओढले गेले असतील तर खोळ संपली.

धुताना ब्लीच नको, पिळायची नाही आणि इस्त्री तर अजिबात नको. आतला धागा उष्णतेने वितळून चिकटतो. चुलीवर वाळत घालणारेही मी पाहिलेत. पेट्रोल आणि चेनच्या तेलाने भिजून खपल्या धरलेली खोळ नुसती वजनाला जड होते, धागे सुटे राहत नाहीत. पोरे ती मशीन पुसायला वापरतात, त्यांना काय म्हणावे.

आता आपल्याकडे एक मागणे. आमच्या भागात एका ग्रामपंचायतीने आपत्तीच्या कामासाठी दोन कटर घेतले. नारळ फोडला, फोटो काढला. पायखोळ एकही घेतली नाही. विचारले तर उत्तर मिळाले, "अंदाजपत्रकात मशीन होतं, कपडे नव्हते." मशीन घेताना पट्टी, चेन, टू-टी तेलाचा डबा सगळे मोजून घेतात. त्याच पावतीवर दोन खोळी आणि दोन जोड चामड्याचे बूट लिहायला कोणाची हरकत असते? पाऊस तोंडावर आलाय. कोयनेच्या खोऱ्यात झाडे पडणार, रस्ते अडणार आणि पोरे स्लीपर घालून पळत जाणार. आपण असे फोटो जरूर छापा, पण खाली एक ओळ जास्तीची टाका, की याच्या पायात काय हवे होते.

माझ्या सात खोळींपैकी पाच मी परत मिळवल्या आणि स्वतःच्या हाताने फाडल्या. दोन बाहेर आहेत. एक मारुल हवेलीकडे गेली असे ऐकले, दुसरी कोणी तरी विकली. हिरवी ताडपत्री, पिवळ्या दोऱ्याचा चौकडा, कमरेला जुन्या दप्तराचा पट्टा. कोणाला दिसली तर वापरू नका. मल्हारपेठेत बाजाराच्या रस्त्याला येऊन शिंप्याचे दुकान विचारा. साडेचारशे रुपये आणि एसटीचे भाडे देईन.

आपला,
एक शिंपी,
मल्हारपेठ, ता. पाटण, जि. सातारा