त्या पिकअपवाल्या दादांचे मनापासून आभार

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात. म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात, तेव्हा कुठे ते आमच्या दुष्काळी माळापर्यंत पोचतं. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की रात्रीचा दिवस करून शेततळं भरून घ्यायचं. जानेवारीतल्या एका रात्री दोन वाजता आमच्या पाइपलाइनचा जोड निखळला. डाळिंबाची बाग तहानलेली आणि पाणी चाललंय ओढ्यात! मी आणि आबा दोघंच, गुडघाभर चिखलात.

रस्त्यानं जाणारे दोन दादा पिकअप थांबवून खाली उतरले. आधी मोटर बंद करायला लावली, पाइपचं फाटकं टोक करवतीनं कापलं, कोरडं पुसलं आणि स्वतःच्या गाडीतला सॉकेट, म्हणजे जोडाचा तुकडा, चिकटवायचं सोल्युशन लावून बसवला. जोड सुकेपर्यंत थांबलेही. आबा गारठलेले पाहून एकानं अंगातलं जर्किन काढून त्यांना घातलं. आबांची बोटं थरथरत होती, म्हणून चेनही त्यानंच लावून दिली. पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही.

पहाटे शेततळ्यात धार पडली तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा, जर्किन धुऊन ठेवलंय. न्यायला या, आणि जेवूनच जा.