कलम बांधून देणाऱ्या पेठच्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

माझ्या बोन्सायच्या झाडाने दगडावर मूळ धरलं. गेल्या आठवड्यात दगडावरची शेवटची माती उतरवली, तर झाडाच्या उघड्या पडलेल्या बाजूला तुम्ही जोडलेली दोन्ही मुळं दगडाला घट्ट बिलगलेली. पहिला फोन तुम्हालाच केला, पण तो काही लागला नाही. म्हणून हे पत्र इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवील.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. दगडावर मुळं पसरवून झाड वाढवायच्या बोन्सायच्या पद्धतीला जपानी लोक सेकिजोजू म्हणतात. 2021च्या जूनमध्ये मी नांदरुकाचं, म्हणजे वडाच्या जातकुळीतल्या झाडाचं, रोप घेतलं. दगड दिंडोरीला मामाच्या विहिरीतून निघालेला, आपला काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मुळं धुऊन दगडावर सोडली, कलमपट्टीने आवळली आणि सगळं उंच डब्यात मातीत पुरलं. दोन पावसाळे हात लावायचा नव्हता. मला धीर निघाला नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये, नाशिकच्या भर उन्हात, मी एका दिवसात सगळी माती काढली. आठ दिवसांत पश्चिमेकडची मुळं सुतासारखी वाळली. तीन बाजू जिवंत, चौथी उघडी. बोन्साय करणाऱ्या एकांनी सांगितलं, हे सोडा, नवं झाड लावा.

त्याच वर्षी सप्टेंबरात तुम्ही मामाच्या मळ्यात डॉगरिज या रानद्राक्षाच्या खुंटांवर द्राक्षाची कलमं भरत होतात. मी डबा गाडीत घालून घेऊन आले. तुम्ही हातातली ओळ पुरी केलीत, हात धुतलेत आणि उकिडवे बसून दगड चारी बाजूंनी फिरवून पाहिलात. मग म्हणालात, "आमच्याकडं कड्यावर उंबर असाच बसलाय. मूळ भेगेतनं उतरतं, ताई. तुम्ही ते दगडाच्या पाठीवरनं नेलंय." इतके दिवस ती भेग मला दगडाची शोभा वाटत होती. झाडासाठी ती वाट आहे, हे तुमच्यामुळे कळलं.

मला वाटलं होतं, द्राक्षासारखी पाचर मारून द्याल. तुम्ही म्हणालात, "इथं काडी जोडायची नाही, मुळं जोडायचीत. भेट बांधू." भेट म्हणजे मुळांसकट रोप झाडाशेजारी ठेवून दोघांच्या साली एकमेकींना जोडायच्या. याच झाडाच्या फांद्या लावून रोपं तयार करायची, म्हणजे साल आणि पान एकसारखं राहील, हेही तुम्हीच सांगितलंत. मी त्याच दिवशी सुरुवात करा म्हणून हट्ट धरला होता. तुम्ही मात्र ठाम होतात. थंडी तोंडावर आली, आता झाड वाढीला नाही, जोड धरणार नाही. पावसात करू.

आणि तुम्ही आलात. 2023चा पाऊस सुरू झाल्यावर, भाताचं बी टाकून झालं होतं आणि लावणीला वेळ होता, तेवढ्या मधल्या दिवसांत पेठहून एसटीने, भिजत. घरची कामं सोडून एका डब्यातल्या झाडासाठी कोण येतं, काका?

त्या दुपारचं सगळं मला आठवतं. रोपांची मुळं तुम्ही भेगेत बसवलीत. बुंध्याची आणि रोपाची साल समोरासमोर, सारख्याच लांबीची तासलीत. चीक वाहायला लागला तसा ओल्या फडक्याने टिपत राहिलात, तो थांबेपर्यंत पट्टी लावली नाहीत. सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला लागला पाहिजे, म्हणून माझं बोट धरून कडेवरून फिरवलंत. रोप स्वतःच्या मुळांवर जगत राहतं, म्हणून भेट कलमात घाई नसते, हे तेव्हा समजलं. जोड पक्का झाला की त्याच्या वरचा रोपाचा शेंडा कापायचा, खालची मुळं झाडाची होतात.

दसऱ्याला मी शेंडे निम्मे कापले, पंधरा दिवसांनी पूर्ण. कापताना हात थरथरत होता. पानं उतरली नाहीत. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे माती एका वेळी दोनच बोटं खाली घेत गेले, तीही फक्त पावसाळ्यात. आता जोडाच्या जागी साल एक झाली आहे. मुळं पेन्सिलीएवढी जाड आहेत. त्यातलं एक भेगेतून खाली उतरून दगडाच्या बुडाशी वळलं आहे, अगदी तुम्ही कड्यावरच्या उंबराबद्दल हाताने दाखवलं होतं तसं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चहा घेतलात आणि चार वाजताची गाडी धरलीत. मी दारातच उभी होते, नीट आभारसुद्धा मानले नाहीत. ते आज मानते आहे, मनापासून.

याच झाडाची एक फांदी तुमच्यासाठी लावली आहे, तिला सहा पानं आली आहेत. मामाकडे निरोप ठेवला आहे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला आलात की घरी या, रोप घेऊन जा आणि मूळही डोळ्यांनी बघा. या वेळी जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
नाशिकची ताई