बाकावरून कोर्टावर जाताना

राजेंद्रनगर, इंदूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉल संघाच्या पहिल्या पाचांतून काढून प्रशिक्षकांनी तुला राखीव खेळाडूंत बसवले, हे तू रविवारी फोनवर सांगितलेस आणि "आता मी नुसती बेंचवर" एवढे म्हणून फोन ठेवलास. पोर रडत होती का, असे आईने मला दोनदा विचारले. मी नाही म्हणालो, पण माझी खात्री नव्हती. फोनवर मला मनातले नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या त्या 'नुसती' या शब्दाचा मी चार दिवस विचार करतो आहे. मला वाटते तो शब्द तुझ्याकडे क्रिकेटमधून आला, आणि यात तुझा दोष नाही. हे सी. के. नायडूंचे आणि होळकर संघाचे गाव. आपल्या घरात खेळ म्हटले की आजोबांपासून सर्वांना क्रिकेटच आठवते, आणि आपल्या मनातला बारावा गडी म्हणजे पाणी नेणारा, कोणी जखमी झाला तर क्षेत्ररक्षणापुरता मैदानात उतरणारा, फलंदाजी-गोलंदाजीचा अधिकार नसलेला माणूस. बास्केटबॉलमधल्या बदली खेळाडूवर असे बंधन नाही. त्याने किती वेळा आत जावे आणि बाहेर यावे याला मर्यादा नाही, आणि आत असेपर्यंत तो पाचांपैकी पूर्ण एक असतो.

साधा हिशेब करून पाहा. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीचा सामना 48 मिनिटांचा, कोर्टावर जागा पाच, म्हणजे प्रत्येक संघाला एकूण 240 मिनिटे भरून काढायची असतात. पहिले पाचही जण प्रत्येकी 34 मिनिटे खेळले, आणि त्या वेगात हे मुळीच थोडे नाही, तरी बेरीज 170 होते. उरलेली 70 मिनिटे बाकावरच्यांनीच खेळायची असतात. तुमचा सामना 40 मिनिटांचा, आणि पाचव्या फाउलला, म्हणजे पाचव्या नियमभंगाला खेळाडू बाद. त्यामुळे पहिल्याच क्वार्टरमध्ये एखादीचे दोन फाउल झाले की प्रशिक्षकांना बाकाकडे वळावेच लागते.

एनबीएतल्या बोस्टन सेल्टिक्स संघाचे प्रशिक्षक रेड आउरबाख यांनी 1950 च्या दशकातच हे ओळखले होते. फ्रँक रॅम्सी पहिल्या पाचांत सहज बसला असता, पण त्याला ते मुद्दाम मागे ठेवत. प्रतिस्पर्ध्यांचे मुख्य खेळाडू दमू लागले की हा ताज्या दमाचा खेळाडू कोर्टावर येई. पुढे हे काम जॉन हॅवलिचेककडे आले, आणि निवृत्तीपर्यंत त्याच्या नावावर आठ विजेतेपदे होती. अशा बाकावरून येणाऱ्या 'सहाव्या' खेळाडूसाठी एनबीएने 1982-83 च्या हंगामापासून स्वतंत्र पुरस्कार ठेवला. तो पहिल्यांदा फिलाडेल्फियाच्या बॉबी जोन्सला मिळाला आणि त्याच वर्षी त्याचा संघ विजेता ठरला. 2008 साली हा पुरस्कार घेणारा मानू जिनोबिली तर त्याआधी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला सुवर्णपदक मिळवून देणारा खेळाडू होता. त्याला बाकावर बसवणाऱ्यांना तो कमी प्रतीचा वाटत होता, असे कोण म्हणेल?

एनबीएची 2015 ची अंतिम मालिका तुला आठवत असेल. तू पाचवीत होतीस आणि आपण दोघे सकाळी सहाला उठून टीव्हीसमोर बसत होतो. गोल्डन स्टेट संघाचा आंद्रे इगुदाला त्याआधीची दहा वर्षे खेळलेल्या प्रत्येक सामन्यात पहिल्या पाचांत होता. त्या हंगामात नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला बाकावर बसायला सांगितले, आणि साखळीतल्या एकाही सामन्याची सुरुवात त्याने केली नाही. अंतिम मालिकेत प्रतिस्पर्धी क्लीव्हलँड 2-1 ने पुढे गेल्यावर चौथ्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून उतरवले. पुढचे तिन्ही सामने गोल्डन स्टेटने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इगुदाला ठरला. मला त्याच्या त्या सामन्यांपेक्षा त्याआधीचे आठ महिने मोठे वाटतात.

बाकावर बसायला सांगण्याचा अधिकार कर यांना होता, कारण ते स्वतः बहुतेक कारकीर्द बदली खेळाडूच होते. 1997 च्या अंतिम मालिकेत ते शिकागो बुल्सकडून खेळत होते. सहाव्या सामन्यात गुण 86-86 आणि शेवटची पाच सेकंद उरलेली असताना मायकेल जॉर्डनच्या पासवर निर्णायक टोपली त्यांनीच केली. पण मला त्यांचा 2003 मधला डॅलसविरुद्धचा सामना अधिक महत्त्वाचा वाटतो. ते तेव्हा 37 वर्षांचे होते आणि सॅन अँटोनिओ संघाकडून बाद फेरीत जवळजवळ बसूनच होते. त्या सामन्यात संघ मागे पडला होता, संघाचा मुख्य खेळाडू टोनी पार्कर आजारी होता, आणि अशा वेळी थंड पडलेल्या अंगाने आत येऊन त्यांनी दुसऱ्या अर्धात चार थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन-तीन गुणांच्या टोपल्या मारल्या. संघ अंतिम फेरीत गेला आणि विजेता झाला. इतके दिवस ज्याला कोणी आत पाठवले नव्हते, त्याचा सराव एक दिवसही ढिला पडलेला नव्हता, एवढाच याचा अर्थ होतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुला आजवर सांगितलेली नाही. महाविद्यालयात असताना मीही राखीव होतो. एका सामन्यात मी रागाने बाकाच्या टोकाला, कोर्टाकडे जवळजवळ पाठ करून बसलो होतो. दुसऱ्या अर्धात प्रशिक्षकांनी हाक मारली आणि मी धावत आत गेलो, तेव्हा मी कोणाला रोखायचे हेच मला ठाऊक नव्हते. समोरचा माझ्या डाव्या बाजूने निघाला आणि त्याने सरळ टोपली केली. तो सामन्यात पहिल्यापासून डावीकडूनच जात होता, हे बाकावरच्या इतर सर्वांनी पाहिले होते. प्रशिक्षकांनी मला मिनिटभरात परत बोलावले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला चाळीस वर्षे लागून राहिले आहे.

बाकावर वाईट वाटते, हे मी नाकारत नाही. बारा जणींतल्या शेवटच्या दोघींना तर आठवडेच्या आठवडे बोलावणे येत नाही आणि त्यांच्या पालकांनाही काय बोलावे ते कळत नाही. त्यांच्याशी तू चांगले वाग. सरावात प्रतिस्पर्धी संघाच्या चाली पाठ करून तुमच्यासमोर खेळून दाखवण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते, आणि त्या कामावाचून पहिल्या पाचांची तयारी होत नाही. प्रशिक्षकांचा निर्णय चुकलाही असेल. तसे वाटत असेल तर मैत्रिणींत कुजबुजण्यापेक्षा त्यांनाच शांतपणे विचार, की माझ्यात काय कमी आहे आणि मला आत पाठवाल तेव्हा माझ्याकडून काय हवे आहे. उत्तर ऐकून घे आणि वहीत लिहून ठेव.

पंच आज अंगाला अंग लागलेले किती चालवून घेत आहेत, कोणाचे किती फाउल झाले, कोण गुडघ्यांवर हात टेकून उभी आहे, हे सारे बाकावरून स्पष्ट दिसते आणि आत धावणाऱ्यांना दिसत नाही.

पुढच्या महिन्यातल्या सामन्याला मी आणि आई पुण्याला येत आहोत. तुमच्या बाकाच्या मागची जागा मिळते का ते बघ. आणि त्याआधी मला एक पत्र पाठव. त्यात समोरच्या संघातली कोणती गार्ड फक्त उजव्याच हाताने ड्रिबल करते आणि दमल्यावर कोणाचा पास आखूड पडतो, एवढे लिही.

तुझा,
बाबा