ताशावाल्या मित्रास

थेस्सालोनिकी,
१७ एप्रिल २०२६

प्रिय बंड्या,

व्हॉट्सॲपवर पाठवलेला तो दुसऱ्याने काढलेला व्हिडिओ विसरून जा. त्यात मडकी फुटताना दिसतात, आमच्यातली पोलिश मुलगी किंचाळते, आणि संपतो. तुला सांगायचं होतं ते बँडबद्दल, आणि ते अंगठ्याने टाइप करण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

तर आम्ही ईस्टरला ग्रीसच्याच कोर्फू बेटावर गेलो. युनिव्हर्सिटीतली सगळी बाहेरदेशीची पोरं, बस भरून. डोंगरातले बोगदेच बोगदे पार करत इगुमेनित्साचं बंदर, तिथून बोटीने दीड-दोन तास. हॉटेल गावापासून लांब, रात्री परतीच्या बसची बोंब, आणि ट्रिप काढणाऱ्यांना सारखी समुद्रकिनाऱ्याची घाई. ग्रुप टूरचं जे व्हायचं ते सगळं झालं, त्यात तुला नवीन काही नाही.

ग्रीकांचा खरा मोठा सण ईस्टर. नाताळ त्यापुढे किरकोळ. त्यांच्या ईस्टरची तारीख अजून जुन्या ज्युलियन पंचांगाने निघते, त्यामुळे यंदा आमच्या जर्मन, स्पॅनिश पोरांचा ईस्टर ५ तारखेला फोनवरच उरकला आणि इथला १२ ला आला. त्याच्याआधी कितीतरी आठवडे उपास चालू होते. मांस, अंडी, दूध, मासे सगळं बंद. पण ऑक्टोपस, कोळंबी, कालवं चालतात! त्यांना रक्त नसतं, असा हिशेब. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते हेच. आमच्यातल्या सुरतेच्या मुलाची मात्र चैन झाली. दूध-अंड्याशिवायच्या पदार्थांवर बेकरीवाले 'निस्तीसिमो' अशी पाटी लावतात, त्या पाटीच्या भरवशावर तो महिनाभर निवांत जेवला.

आता बँड. हे बेट १३८६ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसकडे होतं. मग फ्रेंच आले, आणि १८१५ ते १८६४ इंग्रज. (इंग्रजांनी इथे क्रिकेटसुद्धा आणलं. गावातल्या मोठ्या मैदानात पहिली मॅच १८२३ साली झाली म्हणे, आणि अजून खेळतात. मी पिचवर उभा राहून फोटो काढलाय.) बेटाचा देव म्हणजे संत स्पिरिडोन. रस्त्यात 'स्पिरो' अशी हाक मारलीस तर निम्मे पुरुष वळून बघतील. त्याच्या मिरवणुकीत इंग्रज पलटणीचे बँड वाजवायचे. पुढे सरकारने हुकूम काढला की ऑर्थोडॉक्स मिरवणुकीत पलटणीचा बँड जाणार नाही. गावाने काय करावं? १८४० साली स्वतःचाच बँड काढला. त्याला फिलार्मोनिक म्हणतात. संगीताची बाजू निकोलाओस मांझारोसकडे होती. ग्रीसच्या राष्ट्रगीताला चाल लावणारा तोच. १८९० मध्ये त्याच्या नावाने दुसरी फिलार्मोनिक निघाली, १९८० मध्ये तिसरी, आणि बेटावरच्या गावागावांतल्या आणखी वेगळ्या. जुनी ती 'लाल', मांझारोसची ती 'निळी'. घरंच्या घरं एकेका बाजूची. आपल्या पथकांत काय चालतं ते तुला माहीत आहे, त्यामुळे पुढचं मी सांगत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आमचे लोक बीचवर गेले. मी आणि सेविलची एक मुलगी गावात थांबलो. तिच्याकडेही पवित्र आठवड्याच्या मिरवणुकांचं मोठं प्रस्थ आहे, त्यामुळे ती अगदी परीक्षकाच्या नजरेने बघत होती. कॅथेड्रलजवळच्या गल्लीत लाल बँडची पोरं जमत होती. साधारण चौदा वर्षांची एक मुलगी, हातात क्लॅरिनेट, काखेत पितळी शिरस्त्राण. त्याचा तुरा गर्दीत चुरगळू नये म्हणून वर दुकानाची प्लास्टिकची पिशवी बांधलेली. तोंडात च्युइंगम. बापाने पिशवी सोडवून दिली, तिने हनुवटीखालचा पट्टा आवळला, च्युइंगम कागदात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. त्याआधी पाच मिनिटं माझ्याशी बोलली. शिकवणी फुकट. वाद्यही संस्थेचं. पण पहिलं वर्षभर वाद्याला हात लावायचा नाही, नुसती स्वरलिपी वाचायची. बंड्या, वर्षभर! आपण पोराच्या हातात पहिल्या रविवारी टिपरू देतो आणि पुढच्या रविवारी त्याला रांगेत उभा करतो.

शुक्रवार म्हणजे येशूच्या अंत्ययात्रेचा दिवस. प्रत्येक चर्चमधून फुलांनी मढवलेली तिरडी निघते, एपिताफिओस म्हणतात. दुपारपासून रात्रीपर्यंत एकामागून एक. कॅथेड्रलची सगळ्यात शेवटी, रात्री, आणि तिच्याबरोबर लाल बँड. त्यांनी वाजवलं ते अल्बिनोनी या इटालियन संगीतकाराच्या नावावर खपणारं अदाज्जो. संथ लय. पावलं इतकी सावकाश की अख्खी रांग डावी-उजवीकडे झुलत पुढे येते. मी अर्थात ड्रमवाल्यांकडे बघत होतो. ड्रमखालच्या तारा सैल सोडलेल्या, त्यामुळे खणखणाट नाही, नुसता बसका ठोका. दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा की आपल्यातल्या कुणालाही तिथे काहीतरी भरायची खाज सुटली असती. त्यांच्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला सुटली नाही. गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं खच्चून भरलेली आणि मला शेजारच्या म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. सेविलवाली म्हणाली, आमचे लोक याहून जास्त रडतात, पण बँड यांचा बरा. तिच्याकडून एवढं म्हणजे खूपच.

शनिवारी सकाळी स्पिरिडोनची पालखी. संताचा देह उभ्याने काचेच्या पेटीत. बेट दुष्काळातून वाचलं त्याची ही मिरवणूक. त्याच्या पायातले सपाते झिजतात म्हणून नवे घालतात, कारण तो रात्री लोकांच्या मदतीला फिरतो, असं इथे सांगतात. या मिरवणुकीतही शोकाचीच गाणी. मग सगळे सज्ज्यांखाली दोरीच्या मागे जाऊन उभे राहिले. सज्ज्यांवर लाल कापडं, आणि त्यावर मातीची मडकी, पाण्याने काठोकाठ. काही तर उभ्या माणसाएवढी, ती ढकलायला तिघे-चौघे. अकराला घंटा झाल्या आणि कोसळली. पाणी आधी फुटतं, माती नंतर. म्हणजे चपराक आणि मग खळ्ळकन. मी हे कानाने नीट धरलं, कारण मोबाइल खिशात ठेवला होता. हे मडकी फोडणं कशावरून आलं याच्या दोन-तीन कथा आहेत, व्हेनिसवाले नव्या वर्षाला जुनं सामान खिडकीतून फेकायचे त्यावरून, असंही म्हणतात. खापऱ्या शुभ म्हणून लोक घरी नेतात. तुझ्यासाठी एक ठेवली आहे, वेताचीच आहे.

आणि लगेच तेच बँड, तीच पोरं, गल्लीच्या टोकाकडून उसळत आली. जोरकस मार्च, तारा आवळलेल्या, तुरे नाचतायत. क्लॅरिनेटवालीचे गाल फुगलेले, कपाळावरून घाम. लोक मागे धावत होते. मीही धावलो. काल रात्रीचा तो आवाज डोक्यात असताना हा जोर अंगावर आला, त्यामुळे तो दुप्पट लागला. आपण लक्ष्मी रोडवर पहिल्या ठोक्यापासून फुल वाजवतो आणि तासाभराने कुणालाच काही वाटेनासं होतं. आपल्यालाही नाही, खरं बोल.

रात्रीचं थोडक्यात. जेरुसलेमहून विमानाने आणलेली ज्योत, मैदानात हजारो मेणबत्त्या, बारा वाजता 'ख्रिस्तोस आनेस्ती' (ख्रिस्त उठला), जुन्या किल्ल्यावरून आतषबाजी. विझू न देता ज्योत घरी न्यायची आणि चौकटीवर काजळीने क्रूस काढायचा. आमच्या हॉटेलच्या काकूंनी स्वतःच्या दारावर काढला आणि मग सगळ्यांना वाटीभर मायिरित्सा दिलं. कोकराच्या आतड्या-काळजाचं सूप, शेपू आणि लिंबू घालून. जर्मन पोरं चमचा घेऊन विचार करत बसली. वजडीच्या घरातला मी, दोनदा मागून घेतलं. लाल अंडी एकमेकांवर आपटायची, ज्याचं टिकेल त्याचं वर्ष चांगलं. काकूंचं टिकलं. दरवर्षी टिकतं, असं त्यांचा मुलगा म्हणाला आणि त्यांनी त्याला डोळे वटारले.

आता मुद्द्याचं. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. मी जूनच्या शेवटी परत येतोय. नदीपात्रात सराव सुरू होईल तेव्हा मला एक हात बसवायचा आहे, विलंबित. सात-आठ ढोल, एकच ताशा, आणि तो तू. पान सैल सोडून. लोकांना वाटेल पथक दमलं, हे तू म्हणणार, मला माहीत आहे. दादाही म्हणतील. मिरवणुकीत नको तर नको, प्रतिष्ठापनेच्या सकाळी मांडवात वाजवू. तिथे माणसं कमी असतात आणि नाचायची घाई नसते. आणि नव्या पोरांना या वेळी पहिले दोन आठवडे टिपरू द्यायचं नाही, नुसतं तोंडाने बोल म्हणायला लावायचं. त्यावर भांडण होईल ते मी करीन.

गेल्या वर्षीचं सरावाचं रेकॉर्डिंग पाठव, स्पीकरवरचं नको, तुझ्या फोनवरचं. माझा ढोल कुणाला दिला असशील तर आत्ताच सांग. काकांच्या गुडघ्याचं काय झालं? काकूंना नमस्कार.

तुझाच,
दिप्या