जुन्या पिकअपला हुक लावण्याआधी

संपादक महोदय,

कापूस वेचणीच्या तोंडावर जुनी पिकअप घ्यायची अन् तिला ट्रॉली जोडायची, हा बेत विदर्भात गावोगावी दिसतो. पैसा मात्र रंगावर उडतो, ब्रेक तसेच!

आधी मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटे जिथे अडकवलेले असतात तिथे, चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर लोखंड गंजलेले समजा, सौदा सोडा. मग ब्रेकचे व्हील सिलिंडर, लायनर, होज (ऑइलच्या नळ्या) बदला. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतली ओल शोषलेली असते; उतारावर ते तापले की वाफ धरते आणि पेडल खाली बसते. क्लच, रेडिएटर नंतर. हुक बंपरला नको, चेसिसला, ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट वापरा. ट्रॉलीचे १० ते १५ टक्के वजन हुकावर यावे, माल मागे गेला की ट्रॉली डोलते. आणि हो, फेरबदलाला आरटीओची मंजुरी लागते.

– एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)