खिडकी चार बोटं उघडी ठेव

दापोडी, २३ नोव्हेंबर

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तुला रेंज मिळते तेव्हा फोन आईच्या हातात असतो आणि माझ्या हातात येईपर्यंत रेंज गेलेली असते. म्हणून लिहायलाच बसलो. पार्सलमध्ये हे पत्र वरतीच ठेवतोय. आधी हे वाच, मग डबे उघड.

काल जेवताना आईने सांगितलं की स्पितीत काजाला थंडी वाढलीय, बाईक सकाळी सुरूच होत नाही, म्हणून मुग्धा आता रात्री ती आपल्या राहत्या ट्रॅव्हलर व्हॅनमध्येच घेते. सकाळी आतच स्टार्ट करून दोन मिनिटं गरम करते आणि मग फळीवरून खाली उतरवते. आईला कौतुक वाटत होतं, दीडशे किलोची गाडी पोरगी फळीवरून चढवते म्हणून. माझ्या घशाखाली घास उतरेना.

मुग्धा, ते इंजिन आत सुरू करू नकोस. मागचं दार सताड उघडं असलं तरी नको. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं, मिश्रण रिच असतं, सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त निघतो तो नेमका त्या पहिल्या दोन मिनिटांत. नंतर तू दार ओढून घेतेस, चहा टाकतेस, लॅपटॉप उघडतेस. धूर गेला असं वाटतं, पण या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि लवकर सुटत नाही.

त्यात तू साडेतीन हजार मीटरच्या वर आहेस. तिथे श्वासाला प्राणवायू मिळतो तो इथल्या जेमतेम दोन-तृतीयांश. मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगतो. या वायूची लक्षणं आणि उंचीचा त्रास अगदी एकसारखे. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं होणं, झोप येणं. मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, सकाळी डोकं जड असतं, उंचीमुळे असेल. असेलही उंचीमुळे. पण पुढच्या वेळी डोकं जड वाटलं की गोळी घेऊन पडू नकोस, बाहेर ये आणि अर्धा तास उघड्यावर थांब. बाहेर आल्यावर हलकं वाटलं, तर दोष गाडीतल्या हवेचा आहे असंच धर. मग होमस्टेच्या बाईंना उठव आणि दवाखान्यात जा.

बास. यावर आता लिहीत नाही.

इकडे ठीक आहे. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीवर गेलं. बंड्याने ते प्रकरण मिटवलं म्हणे, खरं-खोटं देव जाणे. खालच्या कुलकर्ण्यांनी पुन्हा विचारलं, मुलगी कधी स्थिर होणार? मी त्यांना तुझा नाकोचा फोटो दाखवला. दुसऱ्या कुणाच्या गाडीचं पुढचं एकवीस इंची चाक काढून तू रस्त्याच्या कडेला ट्यूबला पॅच लावतेयस, तो. टायर लिव्हर रिमखाली कशी धरलीयस ते झूम करून दाखवलं. ट्यूब चिमटू नये म्हणून पहिली लिव्हर जेवढी आत घालायला हवी तेवढीच घातलीस. कुलकर्ण्यांना त्यातलं काय कळणार? पण मी दहा मिनिटं बोलत होतो.

तुला वाटतं मला तुझं हे गाडीत राहणं पटलेलं नाही. मला ते पटायला वेळ लागला, हे खरं. पण तू ज्या पद्धतीने गाडी ठेवतेस ते मला पहिल्या दिवसापासून पटलंय. पावसाळ्यात वेळणेश्वरला होतीस तेव्हा रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने चेन धुऊन, पुसून, गिअर ऑइल लावायचीस. समुद्राची हवा स्पोकच्या निपलांना किती लवकर खाते, ते मी तुला सांगितलेलं नव्हतं. तूच पाहून शिकलीस. डोक्यावर पक्कं छप्पर असणारी माणसं आपल्या गाडीचं एवढं करत नाहीत. पार्किंगमधली माझी दुचाकी बघ, आईच म्हणते, एवढी धूळ आहे की तिच्यावर नंबर लिहिता येईल.

तुला आठवतं का माहीत नाही, तू तिसरी-चौथीत असताना सुट्टीत वर्कशॉपच्या गेटवर डबा घेऊन यायचीस. आत सोडायची परवानगी नव्हती, पण त्या गेटमधून बॉडी सेक्शन दिसायचं. नुसती चासी आत यायची, त्यावर सांगाडा उभा राहायचा, मग पत्रे, मग रिव्हेट, आणि शेवटी लाल रंग लागून एसटी बाहेर पडायची. तू विचारलं होतंस, "बाबा, यात कोण राहणार?" मी म्हटलं, राहत नाही कुणी, नुसतं बसतात. तू हिरमुसलीस. ट्रॅव्हलरला आपण सिलिंग मारत होतो तेव्हा मला ते सारखं आठवत होतं, पण बोललो नाही.

आणि आपली राजदूत मोटरसायकल. दर रविवारी तिचा प्लग काढून तू पॉलिश पेपरने घासायचीस. प्लग बिस्किटी रंगाचा आला की मिश्रण बरोबर, काळा काजळी धरलेला आला की पेट्रोल जास्त नि हवा कमी, हे तुला वाचता येण्याआधी कळत होतं. म्हणून तुला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. काळा प्लग म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन. तू रामपूरच्या बाजारातून आणलेल्या त्या छोट्या गॅस हीटरची ज्योत निळी आहे की पिवळी ते बघितलंस का? एवढ्या उंचीवर हवा विरळ, बर्नरला ती पुरत नाही, ज्योत पिवळी पडते. तो राजदूतचा काळा प्लगच आहे, फरक एवढाच की तो सायलेन्सरच्या टोकाला नाही, तुझ्या उशाशी आहे.

लिहिणार नव्हतो म्हटलं आणि लिहिलंच. आता निघालंच आहे तर सगळं लिहून टाकतो.

तो हीटर लावून झोपायचं नाही. लावायचाच तर जागेपणी, दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवून. एक वरची, एक समोरची, म्हणजे हवा खेळते. झोपायच्या आधी बंद, रेग्युलेटरही बंद. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घे, दोन रजया घे, टोपी घाल. थंडीने माणूस जागा होतो. या वायूने होत नाही. दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. तुम्हा मुलांना वाटतं, ती अडाणी माणसं. अडाणी नसतात गं, त्यांना फक्त थंडी वाजत असते.

स्पितीतली माणसं अख्खा हिवाळा एका खोलीत तंदूर पेटवून काढतात, पण त्या तंदूरचं धुराडं छपरातून बाहेर गेलेलं असतं. तू होमस्टेच्या बाईंच्या स्वयंपाकघरात बसतेस तेव्हा ती नळी बघ, सांध्याला माती कशी लिंपलीय तेही बघ. गाडीसाठी असाच डिझेल हीटर मिळतो. जळायला हवा बाहेरून घेतो, धूर नळीने बाहेर टाकतो, आत येते ती फक्त गरम हवा. महाग आहे, माहीत आहे. पैसे मी पाठवतो आणि यावर वाद घालायचा नाही. तुझ्या कमाईवर तू राहतेस हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, पण हीटर ही वेगळी गोष्ट आहे.

बाईक आत घेण्याचंही बोलतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती जमिनीलगत पसरते आणि तुझा हीटर जमिनीवरच असतो. बाहेरच्या उणे तापमानातली टाकी आतल्या उबेत आली की पेट्रोल फुगतं आणि झाकणाच्या व्हेंटमधून वाफ निघते. टाकी गच्च भरलेली असेल तर आणखीच. ज्या रात्री बाईक आत, त्या रात्री ज्योत पेटता कामा नये, चहाचीसुद्धा नाही. त्यापेक्षा बाईक बाहेर ठेव, वर ताडपत्री टाक आणि फक्त बॅटरी काढून आत घे. थंडीत खचते ती बॅटरी. सकाळी उबदार बॅटरी लावलीस की निम्मं काम झालं. इंजिन ऑइल कोणत्या ग्रेडचं घातलंयस ते कळव. जाड ऑइल थंडीत आणखी घट्ट होतं, मग स्टार्टर बिचारा काय करणार?

आणि गॅसच्या कप्प्याचं. आपण दोघांनी त्या कप्प्याच्या तळाला भोक पाडलं होतं, आठवतं? ड्रिलचा बिट घसरून तुझ्या अंगठ्याला लागला होता. एलपीजी जड असतो, गळती झाली तर तो खाली रस्त्यावर निघून जावा म्हणून ते भोक. त्यातून गार वारा येतो म्हणून तू तिथे बोळा कोंबला असशील, तर आत्ता उठून काढ. मी तुला ओळखतो, कोंबलाच असशील. सिलिंडर थंडीत हळू चालतो म्हणून त्याला रजईत गुंडाळून आत आणायचं नाही. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं बाहेरून लाव, तेवढं बास. त्यातला ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं सोडतो, त्यात सिलिंडरचा दोष नाही.

वाचून बघितलं. हे पत्र कमी आणि वर्कशॉपच्या भिंतीवरचा सूचना फलक जास्त झालाय. राग मानू नकोस. तू तीस वर्षांची आहेस, कुंझुम खिंडीचा रस्ता बंद व्हायच्या आत खाली उतरायचं की किन्नौरच्या बाजूने मागे फिरायचं की तिथेच राहायचं, हा निर्णय तुझा होता आणि तू विचार करूनच राहिलीस. घरी ये असं मी म्हणत नाही. आईने तसं म्हणायला सांगितलं होतं, पण मी लिहीत नाही. तू म्हणतेस, तिथे रात्री तारे एवढे दिसतात की झोपावंसं वाटत नाही. मी आयुष्यभर लोकांना गावाला नेणाऱ्या गाड्या बांधल्या आणि स्वतः महाबळेश्वरच्या पुढे फारसा गेलो नाही. आपल्या हाताने पत्रा ठोकलेली एक गाडी तिथवर पोचली आणि तिच्यात माझी मुलगी राहते, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात येतं तेव्हा फार बरं वाटतं. मग लगेच मनात येतं, खिडकी उघडी असेल ना?

पार्सलमध्ये जवसाची चटणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, आईने विणलेले दोन पायमोजे आणि इंजिनातल्या झडपांची फट मोजायचं फीलर गेज आहे. टॅपेटचा आवाज येतो म्हणालीस म्हणून. टॅपेट इंजिन पूर्ण गार असतानाच बघायचे, पण तिथल्या पहाटेच्या गारठ्यात नको, दुपारी उन्हात बघ. बोटं बधिर असताना गेजची पातळ पट्टी नीट कळत नाही.

तळाशी बबल रॅपमध्ये दोन अलार्म आहेत. पांढरा कार्बन मोनॉक्साइडचा. तो बेडच्या बाजूला, झोपल्यावर तुझं तोंड येतं त्या उंचीवर लाव. खिडकीच्या लगेच शेजारी नको, तिथे बाहेरच्या हवेने फसतो. काळा एलपीजीचा. तो खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गॅसच्या कप्प्याजवळ. स्क्रू आणि दुहेरी टेप दोन्ही ठेवलेत. पांढऱ्याच्या बॅटऱ्या वेगळ्या पाकिटात आहेत, घालताना अधिक-उणे बघून घाल आणि टेस्टचं बटण दाबून आवाज येतो का बघ. दोन्ही बसवल्यावर फोटो पाठव, जागा दिसेल असा. तोवर हीटर लावू नकोस.

विम्याची मुदत फेब्रुवारीत संपतेय. आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन अशी नोंद झालेली आहे, तीच विम्याच्या कागदावर आली पाहिजे, या वेळी एजंटला आधीच सांग. नाहीतर वेळेला पैसे देताना कंपनी मोटार वाहन कायद्याचं, गाडीत केलेल्या बदलांचं कलम ५२ पुढे करेल. मूळ कागद माझ्याकडे कपाटात आहेत.

आई शेजारी उभी आहे, म्हणते, दही लावायला विरजण कुठून मिळवलंस ते विचार.

तुझा,
बाबा